वाफारा, हवापालट आणि कृत्रिम नाक : श्वासोपचारातील उष्णता व आर्द्रतेचा इतिहास

१. प्रस्ताव

श्वसनविकारांवरील उपचारांचा इतिहास बहुधा औषधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जंतूचा शोध, लस, प्रतिजैविक आणि शस्त्रक्रिया असे त्याचे टप्पे मानले जातात. परंतु औषधाच्या आधीपासून, आणि औषध आल्यानंतरही, दोन भौतिक घटक श्वासोपचाराच्या केंद्रस्थानी राहिले आहेत. ते म्हणजे उष्णता आणि आर्द्रता. श्वासाबरोबर आत जाणारी हवा किती उबदार असावी व किती ओलसर असावी, या प्रश्नाने वैद्य, डॉक्टर, नगररचनाकार आणि घरातील आजी या सर्वांनाच व्यापले आहे.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे वळावे याचे कारण असे की, आजारपणाच्या वाङ्मयीन चित्रणाचा विचार आपल्याकडे अद्याप मुख्यतः रूपकाच्या अंगाने होतो. सुझन सोंटॅग यांच्या 'इलनेस ॲज मेटाफर' (१९७८) या ग्रंथाने क्षयरोगाभोवती पाश्चात्त्य साहित्याने विणलेली रूपके उलगडून दाखविली आणि आजाराकडे रूपकाविना पाहावे असा आग्रह धरला. या ग्रंथाचे महत्त्व वादातीत आहे. तथापि त्याची चौकट मराठी सामग्रीला जशीच्या तशी लावली असता एक मोठा भाग हातातून निसटतो. मराठी चरित्रांत, पत्रांत व कादंबऱ्यांत आजाऱ्याभोवती जी ऊब, वाफ, गारवा, दमटपणा दिसतो, तो रूपक होण्यापूर्वी उपचार असतो. कोणी पाणी उकळलेले असते, कोणी दारे लावून घेतलेली असतात, कोणी बैलगाडी जुंपलेली असते. त्या कृतींचा इतिहास ठाऊक नसेल तर रूपकाची चर्चाही अधांतरीच राहते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. श्वासाला हवी असलेली उष्णता व आर्द्रता शोधायची कोठे, याची तीन उत्तरे इतिहासात क्रमाने पुढे आली. पहिले उत्तर देहाजवळ, म्हणजे घरातच. दुसरे विशिष्ट स्थळी. आणि तिसरे यंत्रात. यांपैकी पहिल्या दोन टप्प्यांना मराठीने 'वाफारा' आणि 'हवापालट' असे स्वतःचे शब्द दिले. तिसऱ्यासाठी रुळलेला शब्द आपल्याजवळ नाही. आणि प्रत्येक टप्प्यावर उपचार कोणाच्या हाती राहिला व कोणाला परवडला, हेही बदलत गेले.

या इतिहासाकडे पाहण्यासाठी बंगळूर ही सोयीची जागा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील हे शहर एके काळी हवेसाठीच नावाजले होते. मराठीशी त्याचा संबंध सतराव्या शतकापासूनचा आहे. शहाजीराजांच्या येथील दरबाराशी निगडित असलेले जयराम पिंड्ये यांचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रकाशात आणले, आणि त्यातून या दरबाराचे बहुभाषिकत्व अभ्यासकांना परिचित झाले. संस्कृत, फारसी, मराठी व कन्नड यांची जी सरमिसळ त्या काव्यात दिसते, तीच श्वासविकारांच्या शब्दसंग्रहातही आढळते, हे पुढे दिसेल.

२. वाफारा : देहाजवळची ऊब

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाविषयी आहे. अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार तेथे सांगितले आहेत. नळीतून वाफ देणे, उष्ण द्रव्यांवर निजविणे, तापविलेल्या कुटीत बसविणे इत्यादींचा त्यांत समावेश होतो. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात, म्हणजे उचकी व श्वास यांच्या चिकित्सेत, हेच स्वेदन प्रथमोपचार म्हणून येते. रुग्णाला आधी लवणमिश्रित तेल चोळावे, मग स्निग्ध स्वेद द्यावा. त्यायोगे स्रोतसांत घट्ट झालेला कफ विरघळतो, स्रोतसे मृदू होतात आणि वायूला वाट मिळते, अशी उपपत्ती दिलेली आहे. तिच्यासाठी योजलेला दृष्टान्त डोंगरातील गर्द झाडीत साचलेल्या हिमाचा आहे. सूर्यकिरणांनी ते जसे पाझरू लागते, तसाच देहात स्थिरावलेला कफ स्वेदाने पाझरतो. येथे दृष्टान्त उपचाराचे स्पष्टीकरण करण्यासाठी आलेला आहे. आजाराला अर्थ चिकटविण्यासाठी नव्हे. सोंटॅग यांच्या चौकटीत न बसणारे रूपक म्हणतात ते हेच.

याच अध्यायातील तमकश्वासाचे वर्णन अधिक सूक्ष्म आहे. ढगाळ दिवस, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी हा श्वास बळावतो. रुग्णाला बसून राहिल्याने बरे वाटते आणि उष्णता हवीशी वाटते. म्हणजे बाहेरच्या हवेतील ओल अपकारक, आणि शेजारच्या भांड्यातील ओल उपकारक! वरवर पाहता ही विसंगती वाटते. पण ग्रंथकाराला अभिप्रेत असलेला भेद स्पष्ट आहे. ओलाव्याचे बरेवाईटपण त्याच्या बरोबर येणाऱ्या उष्णतेवर वा शैत्यावर अवलंबून आहे. एवढ्यावरच हा विचार थांबत नाही. प्रतमक नावाचा एक प्रकार शीतोपचारांनी शमतो असे तेथे म्हटले आहे. शिवाय दाह होत असलेला, रक्तस्राव होत असलेला, अतिशय घाम येणारा, क्षीण झालेला, तसेच गर्भवती स्त्री, यांना श्वास असला तरी स्वेद देऊ नये असा निषेधही आहे. उष्णता सरसकट सर्वांसाठी हितकर अशी भूमिका या परंपरेने घेतलेली नाही, हे आजच्या संदर्भात मुद्दाम नमूद करणे आवश्यक आहे.

मराठी घरात हा शास्त्रविचार 'वाफारा' या एका शब्दात उतरला. 'वाफ' हा शब्द संस्कृत 'बाष्प' पासून प्राकृतमार्गे आला. संस्कृतात बाष्प म्हणजे वाफ आणि बाष्प म्हणजे अश्रूही. मराठीने या दुसऱ्या अर्थाला रजा दिली व पहिला अर्थ स्वयंपाकघरात आणला. पातेले, त्यात तुळस वा ओवा, डोक्यावरून घेतलेली चादर, आणि 'तोंड उघडून श्वास घे' असे सांगणारी कोणी वडीलधारी स्त्री, इतके या उपचाराचे साहित्य. वैद्य लागत नाही, पैसा लागत नाही, प्रवास लागत नाही. त्याला एक माणूस मात्र लागतो. वाफाऱ्याचे पातेले आजाऱ्यापुढे दुसऱ्याने आणून ठेवायचे असते.

आजाराची नावे मात्र दुसऱ्या वाटेने आली. 'दमा' हे फारसी 'दम' म्हणजे श्वास या शब्दाचे अपत्य आणि 'सर्दी' फारसी 'सर्द' म्हणजे थंड याचे. कन्नडने दम्यासाठी 'उब्बस' हा आपला शब्द टिकवून ठेवला. 'हवा' मात्र अरबी-फारसीतून दोन्ही भाषांनी घेतली. मराठीचे 'हवामान' कन्नडमध्येही आहे, आणि त्याखेरीज कन्नडमध्ये 'हवागुण' असाही एक शब्द आहे. चरकाचा 'गुण' आणि फारसीची 'हवा' यांचा हा समास बंगळूरच्या रस्त्यावर आजही ऐकू येतो.

युरोपातही घरगुती वाफेला शास्त्राची मान्यता याच सुमारास मिळत होती. १७७८ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथील वैद्य जॉन मज यांनी खोकल्यासाठी वाफ हुंगण्याचे झाकणाचे भांडे वर्णिले. १८०२ च्या सुमारास उलट दिशेचा प्रवास घडला. धोतऱ्याच्या धुराने दम्याचा उमाळा ओसरतो ही दक्षिण भारतातील प्रथा मद्रासहून एका लष्करी अधिकाऱ्यामार्फत ब्रिटनला पोहोचली आणि पुढे शतकभर तेथे धोतऱ्याच्या सिगारेटी दम्यावर ओढल्या गेल्या. धोतऱ्यातील द्रव्य श्वासनलिका सैल करते, हे आता ज्ञात आहे. म्हणजे त्या उपचारात काम करणारे द्रव्य होते. उष्णता केवळ त्याचे वाहन होती. उष्णतेचे काम कोणते आणि तिच्या खांद्यावरून येणाऱ्या द्रव्याचे कोणते, हा प्रश्न येथून पुढे सतत उपस्थित होतो.

३. क्षेत्राकडून थंड हवेकडे

आजाऱ्याने स्थळ बदलावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बदलले ते स्थळ निवडण्याचे कारण. थोरल्या माधवराव पेशव्यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १७७० च्या कर्नाटक मोहिमेत पेशव्यांच्या फौजांनी बंगळूर-तुमकूर वाटेवरील निजगलचा किल्ला घेतला. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्यामुळे मोहीम त्र्यंबकराव पेठे यांच्यावर सोपवून पेशव्यांना पुण्यास परतावे लागले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी राजयक्ष्म्याने त्यांचा अंत झाला तो थेऊर येथे, चिंतामणीच्या सान्निध्यात. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीने हा शेवट मराठी वाचकाच्या मनात कायमचा कोरला. या निवडीत थेऊरचे हवामान महत्त्वाचे नव्हते. क्षेत्राचे सामर्थ्य तेथील देवतेत होते.

शंभर वर्षांनी चित्र पालटलेले दिसते. 'हवा मानवणे', 'पाणी लागणे' हे वाक्प्रचार पूर्वीपासूनचे असतील. परंतु 'हवापालट' हा वैद्यकीय सल्ला म्हणून रूढ झाला तो इंग्रजी अमदानीत. महाबळेश्वर, माथेरान, पाचगणी ही थंड हवेची ठिकाणे उभी राहिली. युरोपात हेरमान ब्रेमर यांनी १८५० च्या दशकात सायलेशियातील डोंगराळ भागात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. त्यानंतर दावोसची कीर्ती पसरली आणि टोमास मान यांच्या 'द मॅजिक माउंटन' (१९२४) ने तिला वाङ्मयीन अमरत्व दिले. या उपचारपद्धतीचे तत्त्व वाफाऱ्याच्या अगदी उलट होते. आता औषध ठरली ती थंड व कोरडी हवा. उबदार व दमट हवा संशयित ठरली. उष्ण कटिबंधातील दमट किनारा हा रोगाचा आणि शुष्क पठार वा डोंगर हा आरोग्याचा, असा एक नकाशा तयार झाला.

या नकाशानुसार मराठी मुलखात संस्था वसल्या. पाचगणीला डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांचे 'बेल-एअर' हे आरोग्यधाम १९१२ मध्ये सुरू झाले. कमी पावसाच्या मिरजेजवळ विल्यम वॉन्लेस यांच्या नावाने क्षयरोग्यांची वसाहत झाली व ती जागा वॉन्लेसवाडी म्हणूनच ओळखली जाऊ लागली. म्हैसूर संस्थानात राजघराण्यातील कृष्णाजम्मण्णी यांचा क्षयाने मृत्यू झाला होता. त्यांच्या स्मरणार्थ म्हैसूरला आरोग्यधाम उभारण्यात आले. बंगळूरमध्ये १८०९ मध्ये लष्करी छावणी आली होती. १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी, मल्लेश्वरम या नव्या वसाहती रुंद रस्ते व मोकळी हवा डोळ्यांपुढे ठेवून वाढविण्यात आल्या. निवृत्तांचे शहर हा बंगळूरचा लौकिक याच विचाराचा परिपाक होय.

'सॅनिटोरियम' या शब्दाचे मराठीतील भवितव्यही पाहण्याजोगे आहे. मुंबईकरांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ ज्ञातीच्या वा धर्मादाय संस्थेच्या मालकीचे, सुटीत स्वस्तात राहण्याचे घर असा झाला. देवळाली, लोणावळा, माथेरान येथे अशी सॅनिटोरियमे होती, आणि तेथे रोगी क्वचितच असत. रोग वजा होऊन हवा तेवढी उरली. हवापालट हा उपचार असण्याबरोबरच प्रतिष्ठेचा व्यवहार होता, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण आहे.

मग ज्यांना हवा पालटता येत नव्हती त्यांचे काय झाले? एकोणिसाव्या शतकातील दोन चरित्रे या प्रश्नापुढे ठेवून वाचली पाहिजेत. गोपाळ गणेश आगरकर यांना दम्याचा विकार होता. १८८२ च्या पावसाळ्यात ते टिळकांसमवेत मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस होते. तमकश्वास ज्या परिस्थितीत बळावतो असे चरकाने म्हटले आहे, नेमकी तीच परिस्थिती त्यांच्या वाट्याला आली. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. पुढील तेरा वर्षे दमा सोबत घेऊन संपादन, अध्यापन व वाद चालू ठेवले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. त्यांच्या चरित्राचा अभ्यासक त्यांच्या लेखनातील धारेला बुद्धिवादाचे फळ मानतो, आणि ते योग्यच आहे. पण ते लेखन करणारा देह पुण्याच्या प्रत्येक पावसाळ्यात श्वासासाठी झगडत होता, ही गोष्ट त्या गद्याच्या निकडीशी अगदीच असंबद्ध मानता येईल का?

दुसरे चरित्र आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, त्याच वर्षी आजारी अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू पावल्या. कॅरोलिन हीली डॉल यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये निघाले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. पुढे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) ने ही कथा घरोघर नेली. या तीनही लेखनांत परदेशच्या थंडीचा आणि आनंदीबाईंच्या प्रकृतीचा संबंध वाचकाला जाणवतो. मात्र तत्कालीन युरोप-अमेरिकेच्या वैद्यकात थंड हवा हीच क्षयाची संजीवनी होती. एकाच रोगासाठी एकच थंडी एका भाषेत कारण ठरते आणि दुसऱ्या भाषेत उपचार. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तो मार्च १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई बोटीवर चढण्यापूर्वी वर्षभर. तरीही हवेवरील श्रद्धा दोन्ही बाजूंना पुढे साठसत्तर वर्षे अबाधित राहिली.

४. ॲव्हलॉन : हवेच्या शहरात हवेचा निकाल

या श्रद्धेची परीक्षा दक्षिण भारतातच झाली, हे योगायोगाने घडलेले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात क्षयरोग्यांची संख्या इतकी होती की सर्वांना आरोग्यधामात जागा देणे अशक्य होते. प्रभावी औषधे नुकतीच हाती आली होती. प्रश्न असा होता की, औषध तेच असेल तर चांगली हवा, विश्रांती व आहार यांनी काही फरक पडतो काय?

मद्रास येथे १९५६ मध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. तेथील अभ्यासात रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला मद्रासच्या दाट वस्तीतील स्वतःच्या घरी वर्षभर तीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, घरे कोंदट होती, विश्रांती कमी होती. असे असूनही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे आढळले. घरातील इतर माणसांना होणारी लागणही त्यामुळे वाढली नाही, असे पुढील पाहणीत दिसून आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९५५ ते १९५८ मधील पाहणीने त्याआधीच आणखी एक समज मोडीत काढला होता. क्षयाचे प्रमाण शहरांत जेवढे, जवळपास तेवढेच खेड्यांतही होते. खेड्याच्या मोकळ्या हवेने कोणाचे रक्षण केलेले नव्हते.

हे ज्ञान राष्ट्रीय कार्यक्रमात रूपांतरित करण्यासाठी १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, ती बंगळूरमध्ये. म्हैसूरच्या महाराजांकडून मिळालेल्या ज्या वास्तूत ती वसली, तिचे नाव 'ॲव्हलॉन'. आर्थर राजाच्या कथाचक्रात जखमी राजाला बरे होण्यासाठी ज्या बेटावर नेले जाते, त्याचे हे नाव आहे. टेनिसनच्या काव्यात तर ते बेट ऋतूंच्या जाचापासून मुक्त असे वर्णिलेले आहे. आरोग्यधामाच्या कल्पनेचे ते जणू काव्यरूपच. स्थळाने माणूस बरा होतो या कल्पनेचे नाव धारण करणाऱ्या वास्तूत, हवेसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात, हवेवाचून बरे करण्याची योजना आखली गेली. १९६० मध्ये तिचे औपचारिक उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. त्यांच्या पत्नी कमला नेहरू भोवाली येथे, पुढे जर्मनीतील बाडेनवाइलर येथे आणि अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये उपचार घेत राहिल्या व २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे निवर्तल्या होत्या. हवापालटाचा मार्ग त्याच्या अखेरच्या टोकापर्यंत चाललेले कुटुंब त्या समारंभात प्रमुख पाहुण्याच्या रूपाने उपस्थित होते.

या संस्थेच्या डी. बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील रुग्णांचा अभ्यास केला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास साहित्याच्या अभ्यासकानेही वाचावा असा आहे, कारण तो लोकांना काय बोलावयाचे होते ते ऐकून घेतो. ग्रामीण रुग्ण अज्ञानामुळे आजार अंगावर काढतो, अशी तज्ज्ञांची समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि त्यांपैकी सुमारे निम्मे दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथून त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठविण्यात आले होते. माधवरावांच्या फौजा ज्या मुलखातून गेल्या, त्याच मुलखातील शेतकऱ्याच्या खोकल्याचे वृत्त प्रथमच कोणी तरी पद्धतशीरपणे लिहून घेत होते. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा भर घरी राहून, जवळच्या दवाखान्यातून उपचार घेण्यावर राहिला तो या पार्श्वभूमीवर.

बंगळूरच्या हवेचा लौकिकही त्यानंतर टिकला नाही. डॉ. एच. परमेश यांनी या शहरातील वीस हजार मुलांच्या रुग्णालयीन नोंदींचा अभ्यास केला. त्यात दम्याचे प्रमाण १९७९ मध्ये ९ टक्के होते, ते १९९९ मध्ये २९.५ टक्के झाल्याचे आढळले. उंची तीच होती, अक्षांश तेच होते. वाहने, धूर आणि गर्दी मात्र वाढली होती. स्थळाचा गुण स्थळात कायमचा वसत नाही, माणसे तो घडवितात आणि बिघडवितात, एवढे यावरून म्हणता येते.

५. यंत्रातील वाफ

तिसरा टप्पा रुग्णालयातील आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. ब्यर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून श्वासनलिकेत छेद घेऊन, नळी घालून, विद्यार्थ्यांच्या हातांनी फुगा दाबून रुग्णांना श्वास देण्यात आला. अतिदक्षता विभागाचा हा आरंभ मानला जातो. नळीवाटे श्वास देण्याची ही पद्धत सर्वत्र पसरू लागली, तसे नाकाचे महत्त्व नव्याने ध्यानात आले. नळी नाकाला वगळून जाते. कोरडा, थंड वायू थेट आत गेला की कफ सुकतो, त्याच्या खपल्या धरतात आणि नळीच बंद पडते. आत जाणारा वायू तापवून ओला केलाच पाहिजे, हा नियम यातूनच पक्का झाला.

यामागील हिशोब लक्षात घेण्याजोगा आहे. फुप्फुसाच्या अंतर्भागात पोहोचेपर्यंत हवा ३७ अंश सेल्सिअस तपमानाची आणि पूर्णतः संपृक्त व्हावी लागते. अशा एक लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम पाणी असते. बंगळूरच्या श्रावणातील २४ अंशांची, शंभर टक्के दमट हवा घेतली तरी तीत लिटरमागे सुमारे २२ मिलिग्रॅमच पाणी मावते. उरलेले निम्मे नाक आणि श्वासमार्ग यांनी स्वतःच्या ओलाव्यातून पुरवावयाचे असते. मुंबई असो, मिरज असो वा दावोस, फुप्फुसाच्या आत हवा अखेर एकाच तपमानाची व एकाच ओलाव्याची होते. फरक पडतो तो हे काम करताना श्वासमार्गाला सोसाव्या लागणाऱ्या श्रमात. म्हणूनच १९७० च्या दशकातील प्रयोगांत, व्यायामाने ज्यांना दम लागतो अशा दमेकऱ्यांना उबदार व दमट हवा दिली असता तो त्रास टळला. तमकश्वासी रुग्णाला उष्णता हवीशी वाटते, या जुन्या निरीक्षणाला येथे काहीसा आधार मिळतो. पण २०१२ मधील एका प्रयोगात ४९ अंशांच्या अतिउष्ण, दमट हवेने दमेकऱ्यांच्या श्वासनलिका उलट आकसल्या. चरकाने स्वेदाचे निषेध सांगितले होते, त्यांचे येथे पुन्हा स्मरण होते.

श्वासयंत्राच्या नळीवर बसविण्याच्या छोट्या गाळणीला तंत्रज्ञ 'कृत्रिम नाक' म्हणतात. उच्छ्वासातील ऊब व ओल ती धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत देते. मराठीत या साऱ्या तंत्रासाठी 'ह्युमिडिफायर' हाच शब्द चालतो. पारिभाषिक कोशांतील पर्याय रुग्णाच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचलेले नाहीत. वाफारा देणारी व्यक्ती येथे काचेच्या दाराबाहेर बसलेली असते, आणि आत काय चालले आहे हे सांगायला तिच्यापाशी शब्द नसतो.

२०२० व २०२१ च्या करोना साथीत हे तीनही टप्पे एकाच वेळी समोर आले. खाटा मिळत नव्हत्या तेव्हा घरोघर पातेली चुलीवर चढली. ज्यांना शक्य होते ते गावाकडच्या मोकळ्या हवेत गेले. रुग्णालयांत तापविलेला, ओला केलेला प्राणवायू नाकावाटे मिनिटाला साठ लिटरपर्यंतच्या वेगाने देण्यात आला. त्यातील ओलाव्याचे भांडेही निर्धोक नव्हते. काळ्या बुरशीच्या आजाराने डोके वर काढल्यावर, त्या भांड्यात निर्जंतुक पाणीच वापरावे अशी सूचना मे २०२१ मध्ये द्यावी लागली. वाफाऱ्याने विषाणू मरत नाही, हेही तेव्हा वारंवार सांगावे लागले. साध्या सर्दीवर वाफेचा निश्चित लाभ होतो असे उपलब्ध चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसत नाही. लहान मुलांच्या घशाच्या सुजेवर दमट हवेचा उपयोगही सिद्ध झालेला नाही. उकळत्या पाण्याने मुले भाजण्याचा धोका मात्र खरा आहे.

६. समारोप

या विवेचनातून तुलनात्मक अभ्यासासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात असे वाटते.

पहिली अशी की, क्षयाच्या पाश्चात्त्य वाङ्मयीन परंपरेच्या मापाने मराठी आजारकथांचे मूल्यमापन करताना सावध राहिले पाहिजे. दावोसच्या डोंगरावर रुग्ण कुटुंबापासून वेगळा होतो, आणि त्या एकांतातून आत्मशोधाची कादंबरी जन्मते. मराठीत आजारी माणूस बहुधा घरातच असतो. त्याच्याभोवती वाफ देणारे, पाणी तापविणारे, रात्र जागविणारे लोक असतात. आपल्याकडे आरोग्यधामाची मोठी कादंबरी का झाली नाही, असे विचारण्यापेक्षा वाफाऱ्याचे गद्य कोठे आहे, हे शोधणे अधिक फलदायी ठरेल. ते स्त्रियांच्या आत्मकथनांत, पत्रांत व चरित्रांत विखुरलेले आहे आणि आजवर घरगुती तपशील म्हणून दुर्लक्षित राहिले आहे.

दुसरी गोष्ट हवापालटाविषयीची. हा शब्द आपल्या चरित्रवाङ्मयात इतक्या सहजपणे येतो की त्यामागील सामाजिक भेद नजरेआड होतो. हवा पालटू शकणारा आणि न पालटू शकणारा, असे आजाऱ्यांचे दोन वर्ग त्याने पाडले. दुसऱ्या वर्गातील माणूस मेला तर त्याच्या घराची, वस्तीची, सवयींची कोंदट हवा त्याला कारण मानली गेली. मद्रास व बंगळूर येथील संशोधनाने हा दोष त्याच्या माथ्यावरून उतरविला. औषध दारापर्यंत पोहोचले तर कोंदट घरातही माणूस बरा होतो, हे तेथे सिद्ध झाले. वैद्यकाच्या इतिहासातील हा निष्कर्ष आपल्या साहित्येतिहासानेही आत्मसात करावयास हवा.

तिसरी गोष्ट वाफाऱ्याची. औषध म्हणून त्याचा दावा आज मर्यादित ठरला आहे, आणि ते स्वच्छपणे सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. परंतु वाफेने सर्दी बरी होते किंवा नाही हे ठरल्याने, ते पातेले कोणी कोणासाठी का आणून ठेवले, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पहिल्या प्रश्नाचा निकाल प्रयोगशाळा देईल. दुसऱ्यासाठी चरकापासून काशीबाई कानिटकरांपर्यंत आणि तुमकूरच्या रुग्णांच्या जबान्यांपर्यंतची सामग्री एकत्र ठेवून वाचावी लागेल. संस्कृत, फारसी, मराठी, कन्नड व इंग्रजी या पाच भाषांतून ती विखुरलेली असल्याने हे काम तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाकडेच येते.